दादा, पंखा चालू होता

दादा, तुझं तेरावं गेल्या आठवड्यात झालं. गाववाले झाडून सगळे आले. वडे कमी पडले. असं झालं की तू ओट्याजवळ उभा राहून वहिनीच्या नावानं बोंब मारायचास आणि मग स्वतःच पीठ मळायला बसायचास. या वेळी कोणी काही बोललंच नाही. शेजारच्या बाईनं गुपचूप आणखी पीठ भिजवलं आणि पंगत पुढे चालू राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तू नाहीस. तोपर्यंत मी नुसती कामात होते.

लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. शशी म्हणजे देवमाणूस, देवीपुढे शशीसारखं गाऱ्हाणं आता कोण घालणार, शशी होता म्हणून देऊळ उभं आहे. आपल्याकडे मेल्यावर कोण वाईट असतो? मी गप्प राहिले, कारण माझं तुझ्याशी भांडण अर्धं राहिलं होतं आणि तू मधूनच उठून गेलास. ही तुझी जुनी खोड. लहानपणी पत्त्यात हरायला लागलास की तुला हमखास मुतायला लागायची.

हे भांडण माऊलीच्या देवळातलं होतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

गिरणीतले आपले बाबा आणि त्यांचे गाववाले दहिसरला राहायला आले, तेव्हा गावाहून त्यांनी मूठभर माती आणली, ग्रामदेवीच्या पायाखालची. दगड मात्र इथल्याच नदीतला. त्या दगडाची माऊली केली, बाजूला बोटभर जागेत रवळनाथ बसवला, बाहेर पिंपळाखाली राखणदार. मी पाच-सहा वर्षांची असेन. शुक्रवारी साडी बदलताना गाभाऱ्याचं दार अर्धं लावतात, तेव्हा तू मला काखेत हात घालून उचललंस आणि फटीतून आत दाखवलंस. मला वाटलेलं आत लक्ष्मीच्या कॅलेंडरातली गोरीपान बाई असेल. होता काळा दगड, तेल लावलेला.

"नुसतोच दगड?" मी विचारलं.

"मगे तुका काय होया, नाक-डोळे? ते तुका दिले हत तितके पुरे."

मी रडले होते. पण खरं सांगते, त्या दिवसापासून मला माऊली आपल्यातली वाटायला लागली. नटवलेल्या देवांपुढे मला अजून जरा परकंच वाटतं. हे तुझ्यामुळे झालं आणि हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझ्यासमोर असं काही बोललं की तू आठवडाभर चिडवायचास.

आणि कौल. आपल्या घरात कौलाशिवाय पान हललंय का कधी? गुरव माऊलीच्या दगडावर उजवीकडे आणि डावीकडे तगरीच्या ओल्या पाकळ्या चिकटवणार, तू प्रश्न घालणार, मग सगळ्यांनी गप्प बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. नोकरी, घर, मुलीचं स्थळ, काहीही. माझ्या लग्नाचाही लावलास. चारकोपची मंडळी नवी कोरी पॅन्ट-शर्ट घालून येऊन बसली आणि पाकळी काही पडेना. दुपार टळली. माझे होणारे सासरे घड्याळ बघायला लागले तशी तू गाभाऱ्यातून डोकं बाहेर काढून म्हणालास, "माऊलीक घाई नाय. तुमका आसली तर चाय घेवा." ते अजून सांगतात हे. उजवी पडली तेव्हा तू सगळ्यांदेखत डोळे पुसलेस आणि मग म्हणालास, धूर गेला डोळ्यात.

धूर असायचाच म्हणा. खिडकी नाही, समई चोवीस तास, त्यात धूप. नाना गुरव एकदा आरतीच्या वेळी घेरी येऊन पडले. मग तू साकीनाक्याच्या तुझ्या गाळ्यात, जिथे दिवसभर लोकांच्या पंप-मिक्सरच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं वाइंड करायचास, तिथे माऊलीसाठी एक एक्झॉस्ट पंखा तयार केलास. डाव्या भिंतीत वर भोक पाडून बसवलास. बटण बाहेर खांबावर. काय तोरा होता तुझा त्या दिवशी. जणू कळस चढवलास.

पुढचे काही महिने परबांच्या मुलीची स्थळं एकामागून एक मोडत गेली. चांगली मुलगी, चांगली स्थळं, पण प्रत्येक वेळी डावा कौल. परबीण तुझ्या दारात येऊन रडली. तू गाभाऱ्यात जाऊन नुसता बसलास, पाकळ्या चिकटवल्यास, प्रश्नबिश्न काही नाही, आणि बघत राहिलास. डावीच पडली. परत लावल्यास, परत डावी. मग बाहेर येऊन पंखा बंद केलास आणि कपाळाला हात लावलास. पंखा आतली हवा डाव्या अंगानं ओढायचा, तिकडची पाकळी आधी सुकायची आणि गळायची. "ह्यो माऊलीचो नकार न्हय, ह्यो माझ्या पंख्याचो," असं तू परबांना हात जोडून सांगितलंस. कौल परत लावला, उजवा आला, पोरगी आता मुलुंडला सुखात आहे. त्यानंतर बटणावर तू स्वतःच्या हातानं पाटी लावलीस: कौलाच्या वेळी पंखा बंद ठेवावा. दरवेळी बटण तूच बंद करायचास, दुसऱ्या कोणाला हातही लावू द्यायचा नाहीस.

म्हणून मी म्हणत होते रे, दादा. म्हणूनच.

शिमग्याच्या सुमारास तुला जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरनं बायपास करा म्हणून सांगितलं, लवकर करा म्हणून सांगितलं. वहिनीनं बॅग भरली, टॉवेल, थर्मास, तुझी ती भोकं पडलेली बनियन वगळून सगळं. तू म्हणालास, माऊलीला विचारतो. त्यात कोणाला काय गैर वाटणार? आपल्यात शेगडी घेतानाही विचारतात. वहिनी रिपोर्ट आणायला गेली होती. देवळात तू, नाना गुरव आणि मी. कौलाच्या वेळी बायका उंबऱ्याबाहेर, म्हणून मी बाहेर उभी. नाना आता ऐंशीच्या घरातले, त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. आतून ती घरघर मला स्वच्छ ऐकू येत होती.

"दादा, पंखा चालू आसा."

तू मागे वळलाही नाहीस. मी परत म्हटलं. तुझी पाठ जराही हलली नाही, फक्त मान थोडी खाली गेली. डावी पाकळी पडली. तू नमस्कार केलास, बाहेर आलास, चप्पल घातलीस आणि म्हणालास, "माऊलीन नाय म्हटल्यान."

मी म्हटलं, बंद कर आणि परत लाव. तू म्हणालास, देवीला दोनदा विचारत नाहीत. मी म्हटलं, परबांच्या पोरीसाठी कसं विचारलंस मग? तू म्हणालास, पंखा बंदच होता, तुला बाहेरच्या रिक्षांचा आवाज आला असेल. आणि खांबाकडे गेले तर बटण बंद! कधी बंद केलंस? चप्पल घालताना? मी घसा बसेपर्यंत तुझ्याशी वाद घातला असता, पण तू छातीला हात लावून पायरीवर बसलास. मी पाणी आणायला धावले.

वहिनीला मी त्याच दिवशी सांगितलं. तिनं तुला माझ्यासमोर विचारलं आणि तू तिच्या डोळ्यात बघून म्हणालास, "बंद होतो गो. ही लांब उभी होती." तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला. नवरा आहेस, इतकी वर्षं गाऱ्हाणं घालणारा माणूस आहेस, माऊलीच्या बाबतीत कशाला खोटं बोलशील? बॅग परत माळ्यावर गेली. खरं सांगू, काही दिवसांनी मलाही वाटायला लागलं की माझेच कान वाजले असतील. एवढा बेमालूम बोललास तू.

तरी फोनवर मी सोडलं नाही. पावसाळाभर भांडलो आपण. डॉक्टरकडे चल, दुसऱ्याला दाखवू, मी सुट्टी टाकते. तू विषय बदलायचास. मिक्सर नीट चालतोय का? जावयाला सांग, गाडीचा आवाज मला ऐकव. आणि अगदीच अंगाशी आलं की, "तू आता चारकोपवाली झालंस, तुका कौलातला काय कळता?" मी फोन आपटायचे. दुसऱ्या दिवशी तूच करायचास. शेवटचं बोलणंही तेच. गौरी-गणपतीचे दिवस होते, मी म्हटलं, गणपती गेले की मी येते आणि तुला उचलून नेते. तू म्हणालास, "ये, वडे करूया." गणपती पोचवून घरी आलास, सोफ्यावर बसलास, वहिनीनं पाणी आणेपर्यंत संपलं होतं.

आता पुढचं ऐक. तुला माहीत असेल तरी ऐक, मला सांगायचंय.

वहिनी माऊलीकडे जायची बंद झाली. सुतक होतं तोवर कोणाला काही वाटलं नाही. सुतक फिटलं, शुक्रवार आला, ती गेली नाही. इतकी वर्षं दर शुक्रवारी माऊलीला साडी नेसवणारी बाई. आजारी असली तरी जायची, मुलगी झाली तेव्हा फक्त काय तो खंड पडला. दोन शुक्रवार माऊली एकाच साडीत. मंडळातल्या काहीजणींनी लगेच कुजबुज सुरू केली, बरंच झालं, आता तिनं नेसवणं बरंही दिसलं नसतं, सवाष्ण बघा एखादी. नाना गुरवांच्या कानावर कशी गेली कोण जाणे, पण तेवढी बरोबर गेली. "माऊलीक तरी घोव खंय आसा?" म्हणाले. देवीलाच नवरा नाही म्हटल्यावर विषय संपला. पण वहिनी येईना ती येईनाच.

मी जाऊन बसले तिच्याजवळ. घरातला देव्हारा बंद. दिवा नाही. ताट समोर, भात निवत पडलेला. म्हणाली, "तिका नेसवन नेसवन माझे हात झिजले. तिना एक उजवी पाकळी टाकली असती तर तिचा काय जाय होता? मी तिच्या तोंडाकडे बघूचंय नाय आता." मुलगी तिला आपल्याकडे न्यायला तयार आहे, पण ही हलत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. या बाईचं दुसरं होतं काय दादा? तू आणि माऊली. तू गेलास, आणि जाताना माऊलीलाही तिच्यापासून तोडून गेलास. दोन्ही एकदम. ही बाई अशीच बसून राहिली तर वर्षही काढणार नाही, हे मला दिसत होतं.

आज सकाळी नानांनी मला देवळात बोलावून घेतलं. दोघंच होतो. म्हणाले, "गाभाऱ्यातला भायर न्हेवचा नसता. मी गुरव, मी कोणाक सांगूचंय नाय. पण तू तेव्हा उंबऱ्यात होतंस, तुझ्या कानान ऐकलंस, म्हणान तुकाच सांगतंय." आणि सांगितलं. कौलानंतरच्या मंगळवारी तू एकटाच आलास. माऊलीपुढे नारळ ठेवलास आणि तो वाढवताना काय म्हणायचं ते नानांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलंस. "आई, तुझ्या नावावर खोटा खपवलंय, माका क्षमा कर. बापाशीसारखो पडान ऱ्हवाक नको माका."

म्हणजे ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं मी. काय राग आला तुझा! मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. मला वेड्यात काढलंस तू. आणि तिथेच माऊलीसमोर बसून मी रडलेसुद्धा, कारण बाबा मला आठवले. ऑपरेशननंतर खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. त्यांचं सगळं तूच केलंस. कूस बदलणं, पुसणं, भरवणं, रात्री जागणं. मी सासरहून रविवारी सफरचंदं घेऊन यायचे आणि संध्याकाळी निघून जायचे. तू एका शब्दानं कधी बोलला नाहीस की हे जड जातंय. ते आत साठवलंस आणि शेवटी एका पाकळीवर काढलंस. भ्यालास तू, दादा. भिण्यात काय आहे? सगळे भितात. सरळ सांगायचं ना आम्हाला. मी भांडले असते, वहिनी रडली असती, पण निदान तुझ्याशी झालं असतं ते सगळं.

नाना म्हणाले, सांगायचं की नाही ते तू ठरव. मी नदीच्या पुलावर थोडा वेळ उभी राहिले. नवरा खोटारडा की देवी निर्दय, यातलं एक वहिनीच्या हातात द्यायचं होतं. न सांगावं तर तुझं नाव स्वच्छ राहतं, तो हार घातलेला फोटो तसाच देवमाणसाचा राहतो. पण फोटोशी बोलून किती दिवस काढणार ती? माऊलीपुढे तरी तिला रोज उठून जायला जागा होती. मी तुझी सख्खी बहीण, पाठची, आणि मी तुला विकायचं ठरवलं. तुला आवडलं नसेल. नसू दे.

सांगितलं. जसं नानांनी सांगितलं तसंच, बाबांचं पण. वहिनी तांदूळ निवडत होती. हात थांबला. मला वाटलं, हिनं आता मलाच हाकललं. मग सूप बाजूला ठेवलं, आत गेली, तोंड धुतलं, केस विंचरले. बाहेर आली ती माऊलीची हिरवी साडी हातात घेऊन. "चल," म्हणाली.

देऊळ रिकामं होतं. पितृपक्षात कोण येतंय. नाना नैवेद्य दाखवून दार ओढायच्या बेतात होते, तिला बघून थांबले. मला वाटलं आत जाईल. ती उंबऱ्यावर उभी राहिली, बरोबर तू उभा राहायचास तिथे. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागली. आपल्याकडे बाईनं गाऱ्हाणं घातलेलं मी जन्मात ऐकलं नाही. नानांनीही नसेल. पण तिला अडवायला ते काही पुढे झाले नाहीत, फक्त तिच्या तोंडाजवळ कान आणला.

"आई माऊली, आज तुझा लेकरू तुझ्या दारात उभा आसा."

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला मागच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, नाहीतर ते पोचत नाही. मागे कोण होतं? मीच.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"माझ्या घोवान तुझ्या नावावर खोटा सांगल्यान. तू नाय म्हटलंस नाय. त्यानच नाय म्हटल्यान."

"व्हय म्हाराजा."

"इतके दिवस मी तुका नको नको ता बोललंय. ता सगळा त्याच्या नावावर घाल."

"व्हय म्हाराजा."

"खाटेक भियालो, डॉक्टराक भियालो, माका सांगूक भियालो. सांगूक होया होता गे आई. मी होतंय ना."

इथे माझं म्हणायचं राहिलं. वहिनी थांबून राहिली. मग मी म्हटलं, व्हय म्हाराजा.

"आता तो तुझ्याकडे इलो आसात. त्याका दारात उभो करू नको, भितुर घे. जेवक वाढ. गोड वाढू नको, शुगर आसा त्याका."

"व्हय म्हाराजा."

"आणि मी थंय इलंय काय पयलो त्याचो कान माझ्या हातात दी."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि या वेळी नानाही म्हणाले.